वर्डप्रेस लॉगिन होत नाहीये, कुकीज ब्लॉक्ड म्हणतंय, पण ताईंच्या कॉम्प्युटरवर चालू आहे

वाचनालय_सेवक
नमस्कार मंडळी, दोन दिवस डोकेफोड करून शेवटी इथे विचारतोय. आमच्या तालुक्याच्या वाचनालयाची साइट वर्डप्रेसवर आहे, मीच बघतो, शिकत शिकत उभी केलीये. सोमवारपासून वसंत व्याख्यानमाला आहे, पाच वक्त्यांची माहिती टाकायचीये आणि मला आतच जाता येत नाहीये. पासवर्ड टाकला की "कुकीज आर ब्लॉक्ड ड्यू टू अनएक्सपेक्टेड आउटपुट" असं येतं आणि परत तेच लॉगिनचं पान. पासवर्ड बदलला, कुकीज साफ केल्या, क्रोम सोडून फायरफॉक्स बघितलं, मोबाइल डेटावर बघितलं, सगळीकडे तेच. पण आमच्या ग्रंथपाल ताईंच्या कॉम्प्युटरवर सगळं व्यवस्थित चालू आहे, आत्तासुद्धा त्या नवीन पुस्तकांची यादी टाकतायत. म्हणून सगळे म्हणतात तुझ्याच मशीनमध्ये काहीतरी आहे. त्यांना एडिटरचाच रोल आहे, प्लगिनचा (साइटला जास्तीच्या सोयी जोडणाऱ्या प्रोग्रामचा) मेनू दिसत नाही. वर्डप्रेस अडकलं की रिकव्हरीची लिंक मेलवर येते असं वाचलं होतं, ती पण आली नाही. कृपया मदत करा, वेळ कमी आहे.

कोल्हापुरी_कोडर
सर्वात आधी ताईंना सांगा लॉगआउट करू नका!! त्यांचं चालतंय कारण त्यांनी आधीच लॉगिन केलेलं आहे, लॉगिनची खूण ब्राउझरमध्ये ठेवणारी ती कुकी साधी असेल तर 2 दिवस आणि रिमेंबर मी वर टिक केली असेल तर 14 दिवस टिकते. त्या बाहेर पडल्या की त्यांचंही तुमच्यासारखंच होणार. तुमच्या मशीनचा काही दोष नाही.

आणि रिकव्हरीचा मेल वर्डप्रेस 5.2 पासून आहे खरा, पण तो फेटल एरर, म्हणजे साइट बंद पाडणारी चूक, आली तरच जातो. तुमच्याकडे साइट पडलेली नाही, फक्त कुकी बसत नाहीये, त्यामुळे त्या मेलची वाट बघू नका.

नाशिकची_मीनल
वरच्या दादांचं बरोबर आहे. हा मेसेज नीट वाचा. वर्डप्रेस कुकीजबद्दल दोन वेगळे मेसेज देतं. एकात ब्राउझर कुकी घेत नाहीये असं असतं, तेव्हा ब्राउझर साफ करून फायदा होतो. तुमचा दुसरा आहे, "अनएक्सपेक्टेड आउटपुट" वाला, म्हणजे सर्व्हरने कुकी पाठवायच्या आधीच पानावर काहीतरी छापून टाकलंय. कुकी हेडरमधून (पानाच्या आधी जाणाऱ्या माहितीतून) जाते आणि पानाचं एक अक्षर जरी बाहेर पडलं की हेडर पाठवायची वेळ गेलेली असते. बहुतेक वेळा कुठल्यातरी प्लगिनच्या किंवा थीमच्या फाइलमध्ये सुरुवातीला किंवा शेवटी रिकामी ओळ राहिलेली असते. शेवटचं लॉगआउट करायच्या आधी कुठल्या फाइलला हात लावला होता का, ते सांगा.

वाचनालय_सेवक
हो लावला होता. कार्यक्रमांच्या कॅलेंडरचं प्लगिन आहे, साइटची भाषा मराठी ठेवली तरी ते वार इंग्रजीतच दाखवायचं, मंडे ट्यूसडे, आमच्या ज्येष्ठ सभासदांना ते बरं वाटत नव्हतं. म्हणून त्याच्या मुख्य फाइलमध्ये सोमवार मंगळवार असे सात वार टाकले. वाचनालयाच्या जुन्या विंडोज 7 च्या मशीनवर नोटपॅडमध्ये केलं, सेव्ह करताना म्हणालं की अक्षरं जातील, म्हणून एन्कोडिंगमध्ये यूटीएफ-8 (देवनागरीसकट सगळी अक्षरं साठवणारी पद्धत) निवडलं. तिथेच झॅम्पवर (आपल्याच मशीनवर साइट चालवून बघायचं सॉफ्टवेअर) चालवून बघितलं तर लॉगिनसकट सगळं ठीक. मग लाइव्हवर प्लगिन बंद केलं, सीपॅनेलमधून (होस्टिंगच्या कंट्रोल पॅनेलमधून) फाइल टाकली, परत चालू केलं. तेव्हा काहीतरी आलं होतं की प्लगिनने 3 कॅरेक्टर्स अनएक्सपेक्टेड आउटपुट दिलं, पण साइटवर वार मराठीत दिसले म्हणून पुढे गेलो. संध्याकाळी लॉगआउट केलं. आत्ता परत फाइल उघडून बघितली, वर रिकामी ओळ नाही, खाली पण नाही.

कोल्हापुरी_कोडर
सापडलं. ती 3 कॅरेक्टर्स म्हणजे बॉम, बाइट ऑर्डर मार्क. जुनं नोटपॅड यूटीएफ-8 म्हटलं की फाइलच्या अगदी सुरुवातीला 3 बाइट्सची न दिसणारी खूण घालतं. ती पीएचपीच्या (वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलंय तिच्या) सुरुवातीच्या खुणेच्याही आधी बसते, म्हणून पीएचपी तिला साधा मजकूर समजून सरळ बाहेर छापतं. नोटपॅडमध्ये कितीही वेळा उघडा, दिसणार नाही. विंडोज 10 च्या 1903 पासून नोटपॅड न सांगता ती घालत नाही, पण 7 वर तो पर्यायच नाही. देवनागरी टाइप करणाऱ्या माझ्या दोन मित्रांचं अगदी हेच झालंय, इंग्रजीवाल्यांना यूटीएफ-8 निवडायची वेळच येत नाही.

झॅम्पवर चाललं कारण तिथे आउटपुट बफरिंग 4096 वर असतं, छापलेलं थोडा वेळ धरून ठेवतं आणि हेडर आधी निघून जातात. तुमच्या होस्टिंगवर ते बंद असणार.

आता सीपॅनेलच्या फाइल मॅनेजरमध्ये जा, डब्ल्यूपी-कंटेंट, त्यात प्लगिन्स, आणि फक्त त्या एका प्लगिनच्या फोल्डरच्या नावापुढे -ऑफ लावा. लगेच लॉगिन होईल. लोक अख्खं प्लगिन्स फोल्डरच रिनेम करा सांगतात, ते करू नका, तसं करून प्लगिनचं पान उघडलं की सगळीच बंद होतात, मग एकेक चालू करत बसा. डेटाबेसला यात काही होत नाही, तुमचे कार्यक्रम तिथेच राहतात.

नाशिकची_मीनल
फाइल नंतर नोटपॅड प्लस प्लसमध्ये उघडा, एन्कोडिंगच्या मेनूत यूटीएफ-8-बॉम वर खूण दिसेल, तिथे कन्व्हर्ट टू यूटीएफ-8 करून सेव्ह करा.

पण खरं सांगू का, सात वार टाइप करायची गरजच नाही. त्या प्लगिनमध्ये पीएचपीचं साधं डेट फंक्शन वापरलं असेल, ते कायम इंग्रजीच देतं. त्याजागी डब्ल्यूपी_डेट टाका (वर्डप्रेस 5.3 पासून आहे), साइटची भाषा मराठी आहे म्हटल्यावर वार महिने आपोआप मराठीत येतील. आणि हा बदल प्लगिन बनवणाऱ्याला जरूर कळवा, नाहीतर पुढच्या अपडेटला तुमची फाइल पुसली जाईल.

वाचनालय_सेवक
झालं लॉगिन!! -ऑफ लावलं आणि पहिल्या फटक्यात आत गेलो. ताईंना पण मुद्दाम लॉगआउट करून परत यायला लावलं, त्यांचंही झालं. मूळ फाइल परत आणून मीनलताईंनी सांगितलं तसं दोन ठिकाणी डब्ल्यूपी_डेट केलं, फोल्डरचं नाव पूर्ववत केलं, चालू करताना यावेळी 3 कॅरेक्टर्सचा मेसेज आला नाही आणि कॅलेंडरवर "सोमवार" दिसतोय. प्लगिनवाल्यांना मेल केलाय. मनापासून आभार दोघांचे, आता वक्त्यांची माहिती टाकायला बसतो.