हेल्पलाइनमुळे आत्महत्या खरंच टळतात का?

प्रश्न: टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर सगळीकडे दिसतो. पण अशा फोनचा उपयोग होतो, याला पुरावा काय?

उत्तर १: किती जीव वाचले हे मोजणं अवघड आहे. तुलनेसाठी निम्म्या लोकांचा फोन उचलायचाच नाही, असा प्रयोग कोण करणार? अमेरिकेतल्या २००७ च्या एका अभ्यासात आत्महत्येचे विचार असलेल्या १,०८५ जणांची स्थिती कॉलच्या सुरुवातीला आणि शेवटी तपासली. मरणाची इच्छा, हताशा, मनातली वेदना, तिन्ही कमी झाल्या होत्या.

उत्तर २: खरं, पण त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात १,४३१ पैकी ७२३ कॉलमध्ये समुपदेशकाने आत्महत्येबद्दल विचारलंच नव्हतं. गोम तिथेच आहे. थेट विचारल्याने विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज. समुपदेशकाने क्रमाने विचारायचं: आधी विचार आहेत का, मग बेत, साधन हाताशी आहे का, पूर्वी प्रयत्न झालाय का, आत्ता सोबत कोण. साधन घरातल्या दुसऱ्याच्या ताब्यात द्यायला लावायचं आणि एक-दोन दिवसांत समुपदेशकाने आपणहून फोन करायचा. हा दुसरा फोनच बहुतेकदा राहून जातो.

उत्तर ३: धोका अगदी समोर असेल तर आधी ११२, म्हणजे आणीबाणीचा नंबर. माणसाला एकटं सोडू नका.