डोळ्यांखाली आणि ओठात भरलेले फिलर काढून टाकता येते का?

अंत्रुजवासी

नमस्कार. मी फोंड्याजवळ राहते, शाळेत शिकवते, वय ३६. गेल्या वर्षी मे महिन्यात धाकट्या भावाचे लग्न होते. त्याच्या महिनाभर आधी मी एका सौंदर्य केंद्रात जाऊन फिलर, म्हणजे त्वचेखाली भर देणारे द्रव्य, टोचून डोळ्यांखालचे खळगे आणि वरचा ओठ भरून घेतला. ‘झोप होत नाही का गं?’ हा प्रश्न रोज स्टाफरूममध्ये ऐकून जीव कंटाळला होता, एवढेच त्यामागचे कारण. दोन सिरिंज वापरल्या असे मला सांगण्यात आले. आत नेमके कोणते द्रव्य होते ते मी विचारले नाही आणि त्यांनीही आपणहून सांगितले नाही. हातात जी पावती मिळाली तिच्यावर ‘फेस ट्रीटमेंट’ एवढेच लिहिलेले आहे.

आता सकाळी उठले की दोन्ही डोळ्यांखाली फुगीर पट्टी दिसते. दुपारपर्यंत ती थोडी उतरते, पण खिडकीच्या उजेडात तिथे निळसर छटा राहतेच. वरच्या ओठाच्या उजव्या बाजूला साबुदाण्याएवढी गाठ आहे, ती जिभेने चाचपली की लागते. परवा देवासाठी अबोलीचा वळेसर करता करता आई माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “तू हसलीस की अगदी आजीसारखी दिसायचीस, आता तशी दिसत नाहीस.” तेव्हापासून मला हे काढूनच टाकायचे आहे.

केंद्रात परत विचारायला गेले, तर त्यांनी रोज जोरात मालिश करायला सांगितले आणि त्याने न उतरल्यास ‘चरबी विरघळवणारे’ इंजेक्शन देऊ असे म्हणाले. ते घ्यावे का? फिलर विरघळवताना आपली स्वतःची त्वचाही विरघळते, चेहरा ओघळतो, असे ऐकले आहे. ते कितपत खरे आहे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

त्वचावैद्य, मडगाव

ताई, सर्वांत आधी एक विनंती करतो. त्यांनी सुचवलेले इंजेक्शन घेऊ नका. चरबी विरघळवणारे औषध चरबीच्या पेशी कायमच्या नष्ट करते आणि फिलरवर त्याचा काहीही परिणाम होत नाही. डोळ्यांखाली ते टोचले तर फिलर तसेच राहील आणि तुमची स्वतःची चरबी मात्र जाईल. मालिशही थांबवा. टोचल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत डॉक्टर कधी कधी हलका दाब देऊन फिलरला आकार देतात, पण इतक्या महिन्यांनी रोज जोर लावल्याने ते विरघळत नाही, उलट नाजूक भागाची सूज वाढते.

फिलर निघेल की नाही हे आत काय आहे यावर अवलंबून आहे. बहुसंख्य फिलर हायलुरॉनिक आम्लाचे असतात. हा पदार्थ आपल्या त्वचेत, सांध्यांत आणि डोळ्यात मुळातच असतो. १९३४ मध्ये तो पहिल्यांदा वेगळा केला गेला तो गुरांच्या डोळ्यातल्या काचेसारख्या पारदर्शक द्रवातून, आणि काचेसाठीच्या ग्रीक शब्दावरूनच त्याचे नाव पडले. शरीरातले हे आम्ल सतत मोडते आणि नव्याने तयार होते. फिलरमध्ये मात्र त्याचे धागे रासायनिक टाके घालून एकमेकांना जोडलेले असतात, म्हणून ते अनेक महिने, आणि डोळ्यांखाली तर कित्येकदा वर्षानुवर्षे टिकते. ते पाणी धरून ठेवते. रात्रभर आडवे पडल्यावर सकाळी जी पट्टी फुगते ती बहुधा याचमुळे. निळसर छटा हे जखमेचे वळ नव्हेत. पातळ त्वचेखाली उथळ बसलेल्या जेलमधून प्रकाश विखुरतो आणि तो भाग निळसर दिसतो.

हे आम्ल तोडणारे एक एन्झाइम आहे, त्याचे नाव हायलुरॉनिडेझ. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेत भुलीचे औषध नीट पसरावे म्हणून ते कित्येक दशके वापरात आहे, त्यामुळे औषध म्हणून ते नवखे नाही. कुपीतली भुकटी सलाइनमध्ये मिसळून नेमक्या जागी थोडीथोडी टोचतात. काम लगेच सुरू होते आणि एक-दोन दिवसांत बरेचसे फिलर विरघळते, पण खरा अंदाज दोन आठवड्यांनी, सूज पूर्ण उतरल्यावरच घ्यायचा. ते तुमच्या त्वचेतले नैसर्गिक आम्लही काही प्रमाणात तोडते, हे खरे आहे, मात्र ते शरीर पुन्हा तयार करते. चेहरा ओघळण्याची भीती मुख्यतः ज्यांनी वर्षानुवर्षे पुष्कळ फिलर भरून त्वचा ताणली आहे त्यांना असते. दोन सिरिंजमध्ये मला ती फारशी वाटत नाही.

आत कॅल्शियमयुक्त फिलर, पॉलिलॅक्टिक आम्ल किंवा सिलिकॉन असेल तर हे एन्झाइम कुचकामी आहे. त्यातले पहिले दोन कालांतराने आपोआप जिरतात. सिलिकॉन जिरत नाही आणि ते काढायचे तर शस्त्रक्रियेचाच विचार करावा लागतो. म्हणून सिरिंजच्या खोक्यातले लेबल मिळवा. नामांकित फिलरच्या खोक्यात रुग्णाच्या नोंदीसाठी सुटी निघणारी चिकटपट्टी असते, तिच्यावर नाव आणि बॅच क्रमांक छापलेला असतो. ती मिळाली नाही, तर सूक्ष्म भागांसाठीच्या सोनोग्राफीवर पुष्कळ अंदाज येतो. ऑनलाइन मिळणाऱ्या ‘घरच्या घरी विरघळवा’ अशा कुप्यांना कृपया हात लावू नका.

आणखी एक विचारायचे आहे. तुम्हाला कधी मधमाशी किंवा गांधीलमाशी चावून मोठा त्रास झाला होता का? सध्या कोणती औषधे चालू आहेत?

नार्वेची लेक

मी दोन वर्षांपूर्वी याच वाटेने गेले आहे, म्हणून लिहिते. माझेही डोळ्यांखालचेच होते आणि एका प्लास्टिक सर्जनकडे विरघळवून घेतले. सुई टोचताना चांगलेच झोंबले. अर्ध्या तासात बोटाखाली कडक लागणारा भाग मऊ झाल्याचे मला स्वतःला जाणवले. संध्याकाळी मात्र डोळे एवढे सुजले की मी आठवडाभर रजा टाकली. तिसऱ्या दिवशी सूज उतरली तेव्हा खळगे पूर्वीपेक्षाही खोल दिसले आणि आपण दुसऱ्यांदा चूक केली या विचाराने मी रात्रभर रडले. कोणी तरी आधी सांगितले असते की या टप्प्यावर असे होते, तर ते रडणे वाचले असते, म्हणून तुम्हाला मुद्दाम सांगते आहे. त्या दिवसांत कोणताही निर्णय घेऊ नका, विशेषतः पुन्हा भरून घेण्याचा.

डॉक्टरांनी मला जुने फोटो आणायला सांगितले होते. चवथीला माटोळीखाली (गणपतीच्या वर टांगलेल्या फळा-पानांच्या सजावटीखाली) काढलेला एक फोटो होता, त्यात उजेड वरून पडत असल्यामुळे खळगे स्पष्ट दिसत होते. दोन आठवड्यांनी तो शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा माझे डोळे जवळजवळ तसेच होते. डाव्या बाजूला थोडे उरले होते, त्यासाठी एकदा परत जावे लागले. मला तर ते जुने खळगे आता आवडू लागले आहेत. ते माझ्या वडिलांनाही आहेत.

ग्राहकमित्र

लेबल तोंडी मागू नका, लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने मागितल्यापासून ७२ तासांत वैद्यकीय नोंदी द्याव्या लागतात. इंजेक्शन देणारी व्यक्ती नोंदणीकृत डॉक्टर होती की नाही, याची चौकशी गोवा वैद्यकीय परिषदेकडे करता येते, आणि ती अवश्य करा. ग्राहक आयोगाकडे तक्रार करायची असल्यास कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. तुमच्याकडे वेळ आहे, पण पावती जपून ठेवा. तिच्यावर फक्त ‘फेस ट्रीटमेंट’ लिहिलेले असणे, हीसुद्धा दाखवण्यासारखी गोष्ट आहे.

अंत्रुजवासी

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टर, तुम्ही विचारले नसते तर मी हे सांगितलेच नसते. पाच वर्षांपूर्वी सत्तरीत मामाच्या काजूच्या बागायतीत बोंडू वेचताना मला गांधीलमाश्या चावल्या होत्या. अंगभर पित्त उठले, श्वास लागला, आणि वाळपईच्या सरकारी इस्पितळात इंजेक्शन देऊन रात्रभर ठेवून घ्यावे लागले. शिवाय शिंकांसाठी मी जवळजवळ रोज सेटिरिझिन ही ॲलर्जी दाबणारी गोळी घेते.

त्वचावैद्य, मडगाव

सांगितलेत ते फार चांगले केलेत. मधमाशीच्या आणि गांधीलमाशीच्या विषात हायलुरॉनिडेझ असतेच. त्याच्याच आधारे ते विष त्वचेत पसरते. त्या विषाला ज्यांच्या शरीराने इतकी तीव्र प्रतिक्रिया दिली आहे, त्यांना विरघळवण्याच्या इंजेक्शनचीही तशीच ॲलर्जी येऊ शकते. फिलरमुळे रक्तवाहिनी बंद होऊन त्वचा पांढरी पडत असेल किंवा दृष्टी जात असेल तर तो धोका पत्करून ते इंजेक्शन तातडीने द्यावेच लागते. तुमचे तसे नाही. तुम्हाला घाई नाही, आणि म्हणून हे कोणत्याही खोलीवजा क्लिनिकमध्ये करू नये, असे मी अगदी आग्रहाने सांगतो.

बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) त्वचारोग विभागात बाह्यरुग्ण म्हणून दाखवा आणि गांधीलमाशीचा प्रसंग पहिल्याच वाक्यात सांगा. आधी ॲलर्जीची तपासणी होईल. हातावर किंचित औषध टोचून अर्धा तास पाहतात, पण सेटिरिझिन चालू असताना ही तपासणी फसवी ठरते, म्हणून ती किती दिवस बंद ठेवायची ते त्यांना विचारा. तपासणीत काही उठले नाही, तरी त्यावर पूर्ण विसंबता येत नाही. अ‍ॅड्रिनलिन हे तीव्र ॲलर्जीवरचे तातडीचे औषध हाताशी आहे आणि श्वासाचा त्रास सांभाळणारे लोक जवळ आहेत, अशाच ठिकाणी पुढचे करावे. नको म्हणाले, तर ऐका. हायलुरॉनिक आम्लाचे फिलर हळूहळू का होईना, जिरतेच.

अंत्रुजवासी

बारा दिवसांनी लिहिते आहे. लेखी अर्ज दिल्यावर तिसऱ्या दिवशी लेबलची छायाप्रत मिळाली. दोन्ही सिरिंज हायलुरॉनिक आम्लाच्याच आहेत. बांबोळीला जाऊन आले. ओठातल्या गाठीला तूर्त हात लावायचा नाही असे ठरले आहे, कारण ती आपोआप लहान होते आहे. डोळ्यांखालचे ॲलर्जीची तपासणी झाल्यावरच बघायचे आहे, आणि त्यासाठी सेटिरिझिन बंद केली आहे, त्यामुळे दिवसभर शिंका चालू आहेत. तपासणीच्या दिवशी आई बरोबर येणार आहे. फोटो आणायला सांगितले आहेत, तर तिने कपाट उघडून माझा आणि आजीचा एकत्र असलेला एक फोटो काढून ठेवला आहे.