मदत हवी आहे: इंजिन बांधल्यापासून ऑइल प्रेशरचा काटा वरच राहतो

नमस्कार मंडळी,

आमची पुढे नाक असलेली, सहा सिलेंडरची, बिनटर्बोची जुनी गाडी आहे. गाव पलूस तालुक्यात. हंगामात कारखान्याला ऊस ओढतो, एरवी सांगली मार्केट यार्डातून हळद, नाहीतर कराडवरून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणकडे मिळेल तो माल. उन्हाळ्यात इंजिन बांधून घेतलं. लायनर-पिस्टन, मेन आणि बिग एंडची बेअरिंगं, क्रँक ग्राइंडिंग, ऑइल पंप नवा. धूर गेला, ओढ परत आली, कामाबद्दल तक्रार नाही. घोर आहे तो प्रेशरचा.

आधी इंजिन गरम असताना आयडलला (गाडी उभी, इंजिन हळू चालू) दीड किलो (दर चौरस सेंटिमीटरला) आणि रस्त्यावर साडेतीन असायचं. आता सकाळी स्टार्टर मारला की काटा सातच्या पुढे. घाट चढून इंजिन चांगलं तापल्यावरही रस्त्यावर साडेसहा, आयडलला तीनच्या आसपास. इंजिन बंद करून किल्ली पुन्हा फिरवली तर काटा बरोबर शून्यावर असतो. गेज वायरचं आहे, नळीचं नाही, आणि सेंडर (इंजिनवर बसून गेजला प्रेशर कळवणारा भाग) या कामातच नवा बसवलाय. ऑइल पूर्वी १५डब्ल्यू-४० असायचं, फिटरने या वेळी २०डब्ल्यू-५० टाकायला लावलं.

गाडी आमचे आबाच चालवतात. त्यांचं म्हणणं, प्रेशर जास्त तेवढं इंजिन सुखात. फिटर म्हणतो बेअरिंगं नवी आहेत, चालून चालून बसेल. पण फिल्टरच्या बाऊलखाली सारखं ताजं ऑइल पाझरतं. पुसलं तरी एका खेपेत धूळ चिकटून काळा चिखल होतो. पूर्वी ती जागा कोरडी असायची. म्हणून मन मानत नाही. हंगाम तोंडावर आलाय. काय तपासू, कशापासून सुरू करू?

प्रतिसाद

ऑइल जास्त भरलं असेल. डिपस्टिकवर लेव्हल बघा, लिटरभर काढून टाका.

प्रतिसाद

लेव्हल जरूर बघा, पण जास्त ऑइलने प्रेशर चढत नाही. उलट क्रँक ऑइलमध्ये बुडून फेस झाला तर प्रेशर पडतं.

दादा, आधी आबांना एक सांगा. गेजवर दिसतो तो ऑइलला होणारा अडथळा. ऑइल किती पोचतंय ते गेज सांगत नाही. गिअर पंप प्रत्येक फेऱ्याला ठरलेलं ऑइल ढकलतो. पुढची वाट अरुंद झाली, ऑइल जाड असलं की काटा वर जातो. बेअरिंगं नवी असली की फट कमी, त्यामुळे पूर्वीपेक्षा प्रेशर जास्त दिसणार, इथपर्यंत तुमच्या फिटरचं खरं आहे. पण सेंडरच्या पुढे एखादी गॅलरी (इंजिनातली ऑइलची वाट) चोक झाली तरीही काटा वरच जातो आणि बेअरिंग मात्र कोरडं पडतं. म्हणून मोठा आकडा दिसला की इंजिन सुखात, असं धरून चालू नका.

पहिलं काम, सेंडर काढून त्या जागी नळीचं गेज लावा. सेंडर वेगवेगळ्या रेंजचे मिळतात. गेजला जोडीचा नसला तर काटा हलतो नीट, शून्यावरही येतो, पण आकडा खोटा दाखवतो. बाऊल पाझरतोय त्यावरून मला प्रेशर खरंच जास्त वाटतं, तरी खात्री झाल्याशिवाय पाना लावू नका.

मग इंजिन पूर्ण गरम करून हळूहळू रेस वाढवा आणि काट्यावर नजर ठेवा. रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचं प्रेशर सोडून देणारी झडप) चालू असेल तर एका आकड्यावर काटा थांबतो, पुढे कितीही रेस केलं तरी जागचा हलत नाही. थांबलाच नाही, रेसबरोबर चढतच गेला, तर व्हॉल्व्ह अडकलाय किंवा स्प्रिंग कडक आहे. कुणी कुणी प्रेशर वाढवायला स्प्रिंगमागे वॉशर टाकतात, तेही बघा. असं प्रेशर चालू ठेवलं तर फिल्टरची पॅकिंगं फाटतात आणि पंपाच्या ड्राइव्ह गिअरवर लोड येतो.

टॅपेट कव्हरही उघडा. रॉकरपर्यंत (वरचे व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) ऑइल सगळ्यात शेवटी येतं. आयडलला सगळ्या रॉकरवर ऑइल येत असेल तर चोकअपची शंका बरीच कमी होते.

ऑइलचं म्हणाल तर डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला, नंतरचा १०० अंश तापमानातल्या जाडीचा. ४० ग्रेड तिथे १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक, ५० ग्रेड १६.३ ते २१.९. म्हणजे गरम इंजिनातही तुम्ही जाड ऑइल फिरवताय. गाडीच्या पुस्तकात १५डब्ल्यू-४० दिलं असेल तर तेच टाका. घट्ट बांधलेल्या इंजिनात जाड ऑइल घालायचं कारण मला दिसत नाही.

मूळ लेखक

खूप आभार. नळीचं गेज लावलं. आकडा खरा निघाला, वायरच्या गेजपेक्षा पाव किलोचाच फरक. गरम इंजिनला रेस केल्यावर काटा कुठेच थांबला नाही, साडेसातपर्यंत गेला, मग मीच पाय काढला. रॉकर सगळे ओले. चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) उतरवला, रिलीफ व्हॉल्व्ह खोलला, तर स्प्रिंगमागे खरंच वॉशर! आबांनी तो हातात घेऊन बराच वेळ निरखला. व्हॉल्व्हचा प्लंजर (आतला सरकता दट्ट्या) मोकळा होता, ओरखडा नाही. वॉशर काढून १५डब्ल्यू-४० भरलं. आता गरम इंजिनला आयडलला दोनच्या वर, आणि रेसला काटा पावणेपाचवर थांबतो. बाऊलचं पॅकिंग बदललं. काही राहिलंय का?

प्रतिसाद

जुन्या फिल्टरच्या कागदाच्या घड्या कापून उन्हात धरा. चकाकणारा भुगा दिसला तर बेअरिंग बघायला लागेल. चेंबर पुन्हा कधी उतरलाच तर पंपाचा ड्राइव्ह गिअरही हाताने हलवून बघा. नळीचं गेज काढू नका, टी (तीन तोंडांचा जोड) लावून दोन्ही गेज राहू द्या.

मूळ लेखक

घड्या पाहिल्या, फक्त काजळी आहे. टी आणायला उद्या मिरजेला जातोय. दोन खेपा झाल्या, बाऊल कोरडा आहे.