२०२४ ची केएक्स ४५०: वीस मिनिटांत हात दगड झाले, हे गाडीमुळे की माझ्यामुळे?

मुरूममार्ग (पुणे)

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे २०२१ ची केएक्स २५० (कावासाकीची मोटोक्रॉसची, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतींसाठी बनवलेली २५० सीसीची गाडी) आहे आणि महिन्यातून दोन-तीन रविवार मी ती पुण्याजवळच्या एका खाजगी ट्रॅकवर चालवतो. मी शर्यतींत उतरत नाही. २८ जानेवारी २०२४ रोजी बालेवाडीच्या क्रीडासंकुलात सुपरक्रॉसच्या (स्टेडियममध्ये मातीचे उंचवटे रचून होणाऱ्या मोटारसायकल शर्यतींच्या) लीगचा पहिला टप्पा झाला, तेव्हा गॅलरीत बसून ४५० सीसीच्या गाड्यांचा आवाज छातीत भरून घेतला होता आणि तेव्हापासून हा किडा डोक्यात आहे. गेल्या रविवारी एका मित्राने आपली जवळजवळ कोरी केएक्स ४५० मला अर्धा दिवस दिली. ही २०२४ मध्ये नवी चौकट आणि बरेचसे बदललेले इंजिन घेऊन आलेली आवृत्ती आहे. तिच्याविषयीचे पहिले मत येथे मांडतो आणि शेवटी एक प्रश्न विचारतो.

उभ्या गाडीतच काही गोष्टी आवडून गेल्या. एअर फिल्टरचे झाकण पाना न लावता हाताने उघडते. माझ्या गाडीत इंजिनाचा स्वभाव बदलायचा म्हणजे वायरिंगमध्ये बसणारा पांढरा, काळा किंवा हिरवा प्लग (स्पार्क प्लग नव्हे) काढून घालावा लागतो, आणि त्यातला पांढरा प्लग कोणत्या तरी टूलबॉक्सच्या तळाशी गेली दोन वर्षे अज्ञातवासात आहे. येथे तेच काम हँडलवरच्या बटणाने होते. मुठी ओडीआय कंपनीच्या असून स्क्रूने आवळलेल्या आहेत, त्यामुळे गोंद लावून तारेने बांधण्याचा उद्योग संपला. पुढचा ब्रेक ब्रेम्बो कंपनीचा आहे आणि एका बोटाने इतका अचूक लागतो की पहिल्या दोन वळणांत मी गरजेपेक्षा बराच आधी थांबलो.

चालवताना पहिले आश्चर्य हे वाटले की गाडी अंगावर येत नाही. ४५० म्हणजे मूठ पिळताच खांदे निखळणार, अशी मनाची तयारी करून मी गेलो होतो. प्रत्यक्षात इंजिन हळू फिरत असताना ती माझ्या २५० पेक्षाही शांत वाटली आणि जेथे मी एरवी दुसरा गिअर ओरडत ठेवतो, तेथे ती तिसऱ्यात सहज निघून गेली.

मात्र तिसऱ्या-चौथ्या फेरीपासून बिघडत गेले. ट्रॅकच्या डाव्या टोकाला एक लांब वळण आहे आणि तेथे दुपारपर्यंत हातभर खोल चाकोरी पडते. त्या चाकोरीत शिरताना गाडी ठीक होती, पण मधून पुढे मूठ उघडली की पुढचे चाक हलके होऊन बाहेरच्या कडेवर चढू पाहायचे आणि वळणात झुकलेली गाडी आपोआप सरळ उभी व्हायची. वीस मिनिटांत कोपरापासून मनगटापर्यंत हात असे घट्ट झाले की क्लच ओढणेही जमेना. २५० वर मी पाऊण तास सलग चालवतो.

माझे वजन ८८ किलो आहे, मित्राचे ६०. एवढी ताकद मला पेलत नाही असे समजून २५० वरच राहावे, की गाडीत काही बघण्यासारखे आहे?

---

चाकोरीबाहेर (नाशिक)

आपल्या शेवटच्या वाक्यातच निम्मे उत्तर आहे. तुम्ही मित्राच्या वजनाला बसवलेली गाडी चालवलीत, त्यामुळे नव्या चौकटीविषयीचे आपले मत तूर्त बाजूला ठेवावे लागेल.

या गाडीच्या सस्पेन्शनला पुढे ३०५ आणि मागे ३०७ मिलिमीटरचा प्रवास आहे, म्हणजे चाक तितके वर-खाली होऊ शकते. स्वार पूर्ण पोशाखात बसल्यावर मागचा भाग त्यातले किती मिलिमीटर खाली बसतो, यालाच आपण सॅग म्हणतो, आणि तो साधारण १०० ते १०५ च्या दरम्यान असावा लागतो. आपल्या मित्राने ६० किलोसाठी तो बरोबर लावला असेल, तर आपल्या ८८ किलोंखाली गाडी आणखी वीस-पंचवीस मिलिमीटर मागे बसणार हे उघड आहे. मागचे बूड खाली गेले की पुढचा फोर्क (पुढचे चाक धरणारे सस्पेन्शनचे दोन दांडे) आडवा पडल्यासारखा होतो, पुढच्या चाकावरचा भार कमी होतो, आणि ज्या क्षणी आपण मूठ उघडता त्या क्षणी उरलासुरला भारही मागे जातो. चाकोरीतून बाहेर चढण्याची जी खोड आपण वर्णन केली आहे, ती हीच. आत शिरताना गाडी ठीक वाटली, कारण ब्रेक लावल्यामुळे भार पुढे होता.

हातांचेही उत्तर यातच आहे. गाडी मागे बसली की प्रत्येक वेळी वेग घेताना शरीर मागे सरकते आणि मग माणूस गुडघ्यांऐवजी हँडलला लटकतो. २५० वर ही चूक खपून जाते, कारण ती तितक्या जोराने ओढत नाही. तेव्हा गुडघ्यांनी टाकी आवळून धरण्याची सवय लावून घ्यावी लागेल, हा आपल्या वाट्याचा दोष. बाकीचा दोष मागच्या स्प्रिंगचा.

पुढच्या वेळी गाडी स्टँडवर घेऊन मागचे चाक अधांतरी असताना ॲक्सलपासून मडगार्डवरच्या एका खुणेपर्यंत अंतर मोजा. मग बूट, हेल्मेट, सगळे घालून पायखुंटांवर उभे राहा, हळूच बसा, आणि तिसऱ्या माणसाला तेच अंतर पुन्हा मोजायला सांगा. दुसऱ्या माणसाने तोवर गाडी फक्त तोलून धरायची आहे. धरणारा मित्र मदत म्हणून हँडल वर उचलत असतो आणि आकडा चुकतो, हे मी डझनभर वेळा पाहिले आहे. दोन अंतरांतला फरक येथे लिहा, मग पुढे बोलू.

---

वाळूचा_पक्षी (कॅलिफोर्निया)

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे, परंतु इंजिनाच्या शांतपणाविषयी थोडे सांगावेसे वाटते, कारण बहुतेक जण येथेच फसतात.

सॅन बर्नार्डिनोजवळ ग्लेन हेलन नावाचा जुना ट्रॅक आहे. डोंगरावर चढणाऱ्या आणि पोटात गोळा आणणाऱ्या उतारांसाठी तो प्रसिद्ध आहे. तेथे मी ही गाडी आधीच्या आवृत्तीच्या मागोमाग, एकाच दिवशी चालवली. सिलिंडरचा व्यास ९६ आणि स्ट्रोक ६२.१ मिलिमीटर, म्हणजे ४४९ सीसी, हे आकडे पूर्वीचेच आहेत. बदल झाला आहे तो हवेच्या वाटेत. या आवृत्तीत हवा आत येण्याचा मार्ग आणि धूर बाहेर जाण्याचा मार्ग मध्यरेषेवर सरळ आणला आहे, आणि हवा वरून खाली उतरत इंजिनात शिरते. याचा परिणाम कागदावरच्या अश्वशक्तीपेक्षा मुठीला अधिक जाणवतो: पाव मूठ उघडली तर पावच ताकद येते, मध्येच धक्का बसत नाही. त्यामुळे गाडी मंद वाटते आणि वेग मात्र आपल्या नकळत वाढलेला असतो. उताराच्या तळाशी पोहोचल्यावर मला हे कळले, आणि ते आणखी थोडे आधी कळले असते तर बरे झाले असते.

आता बटणांविषयी. पॉवर मोड दोन आहेत, सौम्य आणि नेहमीचा. ट्रॅक्शन कंट्रोलच्या (मागचे चाक जागच्या जागी फिरून घसरू न देणाऱ्या यंत्रणेच्या) दोन पायऱ्या आहेत आणि ते पूर्ण बंदही करता येते. रस्त्यावरच्या गाड्यांची यंत्रणा दोन्ही चाकांचा वेग तोलून पाहते, तशी ही नाही. इंजिनाचे फेरे अचानक किती झपाट्याने वाढले यावर हिचे लक्ष असते, आणि चाक फिरू लागले असे वाटले की ती ठिणगीची वेळ मागे घेते. सकाळी पाणी मारलेल्या मऊ मातीत मला तिची अडचणच झाली, कारण तेथे चाक थोडे फिरायलाच हवे असते. दुपारी तीच माती वाळून फरशीसारखी गुळगुळीत झाल्यावर मात्र पहिल्या पायरीवर ठेवून मी वळणांतून कितीतरी निर्धास्त निघालो. पुण्याकडचा मुरूम उन्हाळ्यात असाच होतो, म्हणून आपल्याला ती उपयोगी पडेल असे वाटते. आपण त्या दिवशी कोणत्या मोडवर होता, हे लिहिलेले नाही.

फोनवरच्या ॲपमधून इंधन आणि इग्निशनचे नकाशे (इंधन किती आणि ठिणगी केव्हा, हे ठरवणारे तक्ते) बदलता येतात. ही सोय चांगली आहे, पण सॅग बसवण्याआधी त्यात बोट घालू नये. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर कशामुळे काय झाले हे शेवटपर्यंत समजत नाही.

चौकटीविषयी माझे मत असे की सरळ रेषेत, खडबडीत उतारावर ती आधीपेक्षा निश्चितच स्थिर आहे. अगदी आखूड वळणात मात्र तिला पुढे सरकून बसणारा स्वार लागतो. टाकीवर छाती टेकेल इतके पुढे गेल्याशिवाय ती आपले सर्वोत्तम रूप दाखवत नाही.

---

करवीर_फिटर (कोल्हापूर)

माझे वय साठीकडे झुकले आहे आणि आयुष्य गॅरेजमध्ये गेले, त्यामुळे मी पैशांचे बोलतो.

ही गाडी विकत घेण्याचा विचार असेल तर प्रथम हे ध्यानात घ्यावे की तिला दिवा नाही, इंडिकेटर नाही, आणि आरटीओत तिची नोंदणी होत नाही. घरापासून ट्रॅकपर्यंत प्रत्येक वेळी पिकअपचे भाडे धरावे लागते. आपण २५० वाले आहात, आपल्याला हे ठाऊकच असेल, पण येथे वाचणाऱ्या पोरांपैकी दोघे-तिघे तरी ही गाडी कॉलेजला नेण्याची स्वप्ने पाहत असतील.

दुसरे असे की या गाडीचे आयुष्य किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, तासांत मोजतात. मी दर पाच-सहा तासांनी तेल बदलतो आणि एअर फिल्टर तर प्रत्येक दिवसाच्या शेवटी धुतो. फिल्टरला तेल लावल्यावर बोटांना चिकट लागेपर्यंत दाबून घ्यावे आणि झाकण बसवण्यापूर्वी त्याच्या कडेला ग्रीसचा हात फिरवावा. आपल्याकडची लाल धूळ पिठासारखी बारीक असते. केसाएवढी फट मिळाली तरी आत जाते आणि मग व्हॉल्व्हचे अंतर हलू लागते. पाना लागत नाही हे आपण कौतुकाने लिहिले आहे. त्याचा खरा उपयोग असा की आळशी माणूससुद्धा आता फिल्टर उघडून बघेल.

सुट्या भागांचे म्हणाल तर मागच्या हंगामात एका गिऱ्हाइकाच्या दुसऱ्याच कंपनीच्या ४५० साठी क्लचच्या प्लेटा मागवल्या, त्या यायला सात आठवडे लागले आणि पावसाळा सुरू झाला. तेव्हापासून माझा नियम असा की गाडीबरोबरच क्लचच्या प्लेटा, दोन फिल्टर, लिव्हरची एक जोडी आणि एक पुढची ट्यूब घेऊन ठेवावी.

८८ किलोच्या माणसाला ४५० शोभते. पण चाकोरीबाहेर यांनी सांगितलेला आकडा आल्याशिवाय काहीही ठरवू नये.

---

मुरूममार्ग (पुणे)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल पुन्हा ट्रॅकवर जाऊन आलो, म्हणून सविस्तर लिहितो.

सॅग १२६ निघाला. मित्राचा त्याच गाडीवर १०३ होता, म्हणजे त्याने आपले काम चोख केले होते. त्याच्या परवानगीने आम्ही आधी शॉकच्या कॉलरवर (मागची स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कडीवर) मार्करने खूण केली, तिला जागी धरणारी लॉकरिंग सैल केली आणि पितळी पंच लावून हातोडीने कॉलर पाच पूर्ण फेरे आवळली. जागा इतकी अडचणीची आहे की चौथ्या फेऱ्याला माझ्या अंगठ्यानेही हातोडी अनुभवली. मग सॅग १०५ आला.

त्यानंतरची पहिली फेरी चालवताना ही तीच गाडी आहे यावर विश्वास बसेना. त्या लांब वळणात मी मुद्दाम आतली चाकोरी धरली आणि मधोमध मूठ उघडली. पुढचे चाक तळाशीच राहिले. गाडी कडेवर चढली नाही, उभी राहिली नाही, फक्त खाली बसून निघाली. टेबलटॉपवरून (सपाट माथ्याच्या उडीवरून) उतरताना मात्र मागून एक कोरडा ठोका येत होता, तो आधी नव्हता. गेल्या वेळी मी नेहमीच्या मोडवर आणि ट्रॅक्शन कंट्रोल बंद ठेवून होतो. काल दुपारी मुरूम चकाकू लागल्यावर पहिली पायरी लावली. आवाज किंचित दबल्यासारखा होतो, बाकी काही कळत नाही, आणि तेच बरे वाटले. पस्तीस मिनिटे सलग चालवली. हात दुखले, पण क्लच ओढता येत होता.

एक शंका उरली आहे. कोणी न बसता, गाडी नुसत्या स्वतःच्या वजनाने किती खाली बसते तेही मोजले, तर ते केवळ २२ मिलिमीटर आले. हे कमी आहे का?

---

चाकोरीबाहेर (नाशिक)

कमी आहे. ते तीस ते चाळीसच्या दरम्यान यायला हवे. स्वारासह आकडा बरोबर आणि गाडीचा स्वतःचा आकडा कमी, याचा अर्थ स्प्रिंग आपल्या वजनाला मऊ आहे आणि ती वाजवीपेक्षा जास्त दाबून आपण तिच्याकडून काम करून घेत आहात. अशी आवळलेली गाडी हवेत गेल्यावर किंवा ब्रेक लावल्यावर मागून ताठ वर येते आणि लाथ मारते. तो कोरडा ठोकाही बहुधा याच कुटुंबातला. उपाय एकच, एक-दोन पायऱ्या कडक स्प्रिंग, आणि तिच्या जोडीला फोर्कच्याही, नाहीतर मागचे ताठ आणि पुढचे मऊ अशी नवी कुरबुर सुरू होईल. उलट वाटेल, पण कडक स्प्रिंग कमी दाबावी लागते, म्हणून गाडी लहान खड्ड्यांवर अधिक मऊ चालते.

गाडी आपली नसल्यामुळे हा खर्च आत्ता करू नये, हे ओघाने आलेच. आपल्या २५० चा सॅग कधी मोजला आहे का?

---

मुरूममार्ग (पुणे)

प्रामाणिकपणे सांगतो, चार वर्षांत एकदाही नाही. आज संध्याकाळी मोजला, ११९ आहे. त्यामुळे ४५० चा विचार दिवाळीपर्यंत पुढे ढकलून आधी २५० साठी स्प्रिंगांची चौकशी करतो आहे. मित्राला येत्या रविवारी त्याची गाडी हवी आहे, आणि तोवर त्याचे वजन २८ किलोंनी वाढण्याची शक्यता दिसत नसल्याने कॉलर खुणेवर परत आणून ठेवली आहे.