मदत हवी आहे: ताडोबाच्या कोलारा गेटजवळ आईबाबांसाठी साधी खोली

मेमध्ये नागपूरहून ताडोबाला जातोय. सकाळची कोअर सफारी कोलारा गेटची मिळाली आहे, परमिट झालंय, त्यामुळे कृपया गेट बदला असं सुचवू नका. मंगळवारी जंगल बंद असतं, ते धरूनच तारीख घेतली आहे.

अडचण मुक्कामाची. एमटीडीसीचं रिसॉर्ट मोहर्लीला, म्हणजे चंद्रपूरच्या बाजूला, कोलारा चिमूरकडून. मधून जंगल, तेव्हा भल्या पहाटे बाहेरून मोठा वळसा. बुकिंग साइटवर ‘ताडोबा’ टाकलं की सगळ्या गेटांची हॉटेलं एकत्रच येतात. एकाने ‘गेटपासून ५ मिनिटं’ असं ठळक लिहिलं होतं, नकाशात बघितलं तर गेट मोहर्लीचं! कोलाऱ्याची मोठी रिसॉर्टं चालली असती, पण दर ऐकून फोन ठेवला.

आम्ही चौघं, दोन खोल्या, दोन रात्री. खोलीमागे रोज ३००० पर्यंत, जेवण वेगळं. बाबांचे गुडघे दुखतात, म्हणून तळमजला आणि कमोड हवाच. एसी नसला तरी चालेल, पण विदर्भातला मे आहे, कूलर दणकट हवा आणि वीज गेल्यावर इन्व्हर्टर. साधं शाकाहारी जेवण पुरे. स्वतःची गाडी नाही.

कोलारा गावात असं होमस्टे कुणी अलीकडे स्वतः राहून पाहिलंय का? सफारीची जिप्सी तिथे दारात घ्यायला येते, की गेटपर्यंत आपलं आपण जावं लागतं? आणि तिथे काहीच जमलं नाही तर चिमूरला राहून पहाटे ४ ला खात्रीने येणारी टॅक्सी मिळते का?