सगळंच बर्फाखाली मेलं नव्हतं

हिमयुगात अंटार्क्टिकावरचं सगळं संपलं आणि आजचे किडे, मॉस (दगडमातीवर वाढणारी बुटकी वनस्पती) नंतर वाऱ्याने किंवा पक्ष्यांच्या पायाला चिकटून आले, असं काही जण म्हणतात. मॉसबाबत थोडंफार चालेल, पण तिथले कित्येक स्प्रिंगटेल (उड्या मारणारे, किड्यांसारखे बारीक जीव) आणि माइट (कोळ्यांच्या जातकुळीतले बारीक जीव) जगात दुसरीकडे कुठेच सापडत नाहीत! ते लाखो वर्षं तिथेच तग धरून आहेत. कुठे, हा खरा प्रश्न. एक उत्तर ज्वालामुखी. अंटार्क्टिकातल्या माउंट एरेबस या जागृत ज्वालामुखीवर वाफेने बर्फात कोरलेल्या गुहा आहेत, आत काही ठिकाणी २५ अंशांपर्यंत तापमान, म्हणजे स्वेटर काढूनच बसावं. २०१७ साली तिथल्या मातीत मॉस, शैवाल आणि बारीक प्राण्यांचा डीएनए मिळाला (ते आज जिवंत आहेत, असं त्यावरून सिद्ध होत नाही म्हणा). आणि हे जीव चिवटही आहेत: तिथल्याच बेल्जिका या बिनपंखी माशीची अळी तर अंगातलं ७० टक्के पाणी गेलं तरी जगते.