मदत हवी आहे: जुन्या कागदातल्या ‘मसाला रुपये ५’चा अर्थ काय?

नमस्कार. आमचं गाव कराड तालुक्यात, जिल्हा सातारा. आजोबांच्या ट्रंकेतला वतनाच्या भांडणाचा एक कागद मोडी जाणणाऱ्या गृहस्थांकडून बाळबोधात उतरवून घेतला. त्यात पणजोबांच्याही मागच्या कुणाला तरी हुजूर बोलावलंय आणि शेवटी आहे, ‘मसाला रुपये ५’.

मला ठाऊक असलेला मसाला म्हणजे उन्हाळ्यात डंकावर कांडून आणतो तो. त्यालाही आमच्याकडे चटणीच म्हणतात. ब्याडगी, संकेश्वरी, धने, तीळ, खोबरं, दगडफूल, कांदा-लसूण. घरभर ठसका लागतो आणि वर्षाची बरणी भरते. आमचे चुलते म्हणतात, मसाला म्हणजे ‘मिसळलेला’, तेव्हा हा मिरच्या-मसाल्यावरचा कर असणार. मला पटत नाही. कुळाची माहिती छापायला द्यायची आहे, चुकीचं छापलं तर पुढच्या पिढ्या तेच खरं धरतील. कृपया जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद

दादा, कर नव्हे. मराठेशाहीत एखाद्याला चौकशीला बोलवायचं तर सरकारातून जासूद (निरोप नेणारा) किंवा प्यादा (पायी शिपाई) जाई. त्याच्या खर्चापोटी जी रक्कम वसूल करत ती ‘मसाला’. बहुधा ती ज्याला बोलावलं त्याच्याच माथी पडे. तुमच्या कागदात बोलावणं आणि मसाला एकाखाली एक आलेत ते त्यामुळेच.

चुलत्यांची व्युत्पत्तीही सोडून द्या. मिसळणे, मिसळ हे संस्कृत ‘मिश्र’कडून आलेले शब्द. मसाला अरबी ‘मसालिह’वरून फारसीमार्गे आला. ते ‘मसलहत’चं अनेकवचन आहे. मसलहत म्हणजे हित, भल्याची गोष्ट. फारसीत मसालिह म्हणजे एखाद्या कामाला लागणारं सामान, जिन्नस. हिंदीत गवंड्याच्या चुना-वाळूलाही मसालाच म्हणतात. म्हणजे मिसळणं हा मूळ अर्थच नाही, ‘कामाला लागतं ते’ हा आहे. प्याद्याच्या खर्चाला तोच शब्द का लागला असावा, ते मला यावरूनच उमगतं.

आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट: आपली ‘मसलत’ त्याच ‘मसलहत’मधून आली. ‘सल्ला’ही त्याच धातूचा. दरबारातली मसलत आणि स्वयंपाकघरातला मसाला सख्खी भावंडं आहेत.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत. छापताना मात्र मूळ ओळ जशीच्या तशी द्या आणि अर्थ तळटीपेत घाला. कागदाचा फोटोही शेजारी द्या. उतरवताना अक्षर चुकलं असेल तर पुढे कुणाला तरी ताडून पाहता येईल.

धागाकर्ता

मनापासून आभार. आज दुसरा कागद पुन्हा वाचला. त्यात त्याच माणसाचं नाव आहे आणि ‘मसाला माफ केला असे’ अशी ओळ आहे. आम्ही समजत होतो, घरचं मिरची-मीठ माफ झालं! म्हणजे हे बोलावण्याचे पाच रुपये माफ झाले, असंच ना?

प्रतिसाद

हो, तसंच दिसतं. दोन्ही कागदांच्या तारखा मात्र आधी जुळवून घ्या. माफीचा कागद नंतरचा निघाला तरच तसं लिहा.

धागाकर्ता

तारखा पाहिल्या. माफीचा नंतरचाच आहे. चुलत्यांना आत्ताच फोन केला.